कोमट

फॅलमथमध्ये पाम वाढतो.
हे मी सगळ्यांना सांगत आलोय,
फोनवर, लग्नाकार्यात, कुमुदच्या बहिणींना:
बंदराच्या रस्त्याला चक्क ओळीने पाम,
जानेवारीत कॅमेलिया,
बर्फ पडलाच तर लोक फोटो काढतात.
इथे हीटिंग बसवणं म्हणजे
समुद्राला मीठ विकणं.

माझंही फारसं चुकत नव्हतं.
चौतीस वर्षं जहाजांच्या पोटात काढली,
पंचेचाळीस अंशांत, गंजी पिळून पुन्हा घालत.
गोदीतून परतलो की घरातला गारवा
बक्षिसासारखा लागायचा.
"काय छान हवा आहे," म्हणायचो,
आणि कुमुद खिडकी लावून घ्यायची,
काही न बोलता.

गेल्या वर्षी तिचा खोकला
नोव्हेंबरात आला आणि होळीपर्यंत राहिला.
डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसं ऐकली, मग विचारलं,
घर कसं आहे?
मी म्हटलं, पाम...
कुमुदने नुसतं पाहिलं माझ्याकडे.

मॉर्वेना आली मापं घ्यायला.
सव्वीसची असेल, नाकात चमकी,
लेझरने भिंती मोजत, कोणती खोली किती वॉट गळते
ते लिहीत गेली.
मुलीच्या खोलीतलं कपाट ओढलं
तर मागे काळ्या बुरशीचा नकाशा,
खंडांसकट.
"इथे थंडी नाही पडत," मी म्हटलं.
"नाही," ती म्हणाली. "ओल पडते."

परसात पंख्याची पांढरी पेटी बसली.
फळ्या उचकटल्या, पाइप गेले.
मी मध्येमध्ये करत होतो:
फ्लो किती, रिटर्न किती, पंपाला हेड किती.

तिसऱ्या दिवशी जिन्यावरच्या कपाटातून
तांब्याची जुनी टाकी निघाली,
लाल जॅकेट घातलेली, नाड्या सुटलेली.
"हे काय?" मॉर्वेना थबकली.
कपाटासमोर गालिचा झिजून
खालची सुतळी दिसत होती.
दोन ठिकाणी. शेजारी शेजारी.
पाच नंबरच्या चपलेएवढी.

मला झीज वाचता येते.
बेअरिंगवरची, लायनरवरची;
सांगू शकतो किती तास चाललं, भार कुठून आला.
टाचांकडे जास्त झिजलं होतं.
म्हणजे पाठ टाकीकडे.
म्हणजे दार उघडून, टेकून,
रोज अर्धा तास तरी,
एकवीस हिवाळे,
मी खाली बातम्या बघत असताना.

कुमुद स्वयंपाकघरात मॉर्वेनासाठी चहा गाळत होती.
मी काही विचारलं नाही.

शुक्रवारी चालू झालं.
कुमुदने रेडिएटरला तळहात लावला.
"कोमटच आहे."
चहा परत पाठवतानाचा सूर.
मॉर्वेना म्हणाली, हे असंच असतं,
तापत नाही, थांबतही नाही.
एकोणीस अंश. पहाटेही, मोरीतही,
मुलीच्या रिकाम्या खोलीतही.

खोबरेल अजून बाटलीत गोठतं;
त्याला चोवीस लागतात,
आमची तडजोड एकोणिसावर झाली.
खोकला मात्र गेलाय.

पण संध्याकाळी साडेसहाला
कुमुद अजून जिना चढते.
नवी टाकी उंच, पांढरी, जाड आवरणाची;
मॉर्वेना अभिमानाने म्हणाली होती,
जरासुद्धा ऊब बाहेर येत नाही.
कुमुद दार उघडते, पाठ टेकवते,
क्षणभर थांबते,
दार लावून घेते.

काल मी बातम्या बंद केल्या.
वर गेलो.
गालिचा नवा आहे,
पायांना जागा सापडत नाही.
"काय हवंय?" ती म्हणाली.
"काही नाही," म्हटलं.
"सरक जरा."